एक आस सोड

१

एकवीरा आईची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

म्हणजे, शब्द न् शब्द नाही. एका ठिकाणी माझे डोळे बंद होते, तिथलं अंदाजाने सांगणार. आणि धर्माजीकाका जे बोलले त्यातलं अर्धं वाऱ्यात गेलं, तेही जुळवून घेतलंय. बाकी सगळं खरं. बरंचसं.

तुझा विश्वास बसणार नाही, मला माहीत आहे. माझं नाव प्रज्योत. आमच्या करंजा गावात हे नाव घेतलंस तर लोक आधी खिसे चाचपतात. मीच तो, ज्याने सुरमईच्या पोटात फोन व्हायब्रेटवर ठेवून नीराबाईच्या पाटीत मासा परत ठेवला होता. तिने फोनसकट मासा खाडीत फेकला. फोन माझाच होता.

म्हणून आधी पैज. हॉटेलात बसलोच आहोत. गोष्ट संपेपर्यंत तू तुझ्या डाव्या हाताकडे बघायचं नाही. बघितलंस तर बोंबील फ्रायची एक प्लेट तुझ्याकडून. नाही बघितलंस तर माझ्याकडून. सोपं आहे. डावा हात काय पळून जाणार आहे?

२

आम्ही कोळी, पण आमच्याकडे होडी नाही. तीन पिढ्या सुकं विकतो. बोंबील, जवळा, सोडे. आम्हाला समुद्र फक्त वाळलेला माहीत.

माझी बहीण रचना पिशव्या भरते. भरली की तोंडाला सुतळी गुंडाळते आणि म्हणते, "गाठीवर बोट ठेव." घरातलं माझं एवढंच काम. लहानपणापासून.

त्यात मी एक कला कमावली. तिने सुतळी ओढली की बोट हळूच गाठीच्या आत सरकवायचं. गाठ दिसायला एकदम घट्ट. मग बोट काढायचं. आत बोटभर जागा राहते, ती कुणाला दिसत नाही. गिऱ्हाईक स्कूटर घेऊन चौकात पोचलं, पहिला स्पीडब्रेकर लागला, की किलोभर जवळा रस्त्यावर.

"तुझी बोटं झडतील एक दिवस," रचना म्हणायची.

हे तिने खूपदा म्हटलंय, हे लक्षात ठेव.

त्याशिवाय मी न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर उचलायच्या क्रेनचं ट्रेनिंग घेत होतो. खोट्या केबिनमध्ये बसायचं, समोर मोठा स्क्रीन. डाव्या हाताने पुढे-मागे, उजव्याने वर-खाली. शेवटी एक मेडिकल. पास झालो की खरी क्रेन, पन्नास-साठ फुटांवर, खाली खरी माणसं. आयुष्यात पहिल्यांदा मी कशाततरी चांगला होतो, आणि त्यात कुणाला फसवावं लागत नव्हतं.

३

जानेवारीत एका मंगळवारी, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी, माझ्या डाव्या हाताने दांडी सोडली.

मी सोडली नाही. हाताने सोडली.

तो बाजूला गेला, वर गेला, गोल फिरला, काहीतरी धरलं, लांब ढकललं. परत बाजूला, वर, गोल. खांद्यापासून पूर्ण हात. स्क्रीनवरचा कंटेनर झोके घेत खालच्या ट्रकवर पडला. स्क्रीनवर लाल अक्षरात आलं, एक मृत.

"प्रज्योत, बास," सर म्हणाले.

"सर, हे मी करत नाहीये."

पूर्ण वर्ग हसला. माझ्या मागच्या खुर्चीवर जीवन होता, तो टाळ्या वाजवत म्हणाला, "अवॉर्ड द्या रे याला कुणीतरी."

यात त्यांची चूक नाही. मीही हसलो असतो. पण हात बारा मिनिटं फिरत राहिला. पाचव्या मिनिटाला हसणं थांबलं. दहाव्या मिनिटाला सर म्हणाले, "घरी जा." बाराव्या मिनिटाला हात मांडीवर पडला, चार्जिंग संपल्यासारखा.

बाहेर येऊन मी बोटं बघितली. टोकं सुरकुतली होती, तासभर पाण्यात असल्यासारखी. आणि पहिल्या बोटावर आडवी एक बारीक लाल रेघ होती. जड पिशवीची दोरी रुतते ना, तशी.

मी कुठलीही पिशवी धरली नव्हती.

४

इंटरनेटवर शोधलं. 'हात आपोआप हलतो' असं टाकलं की एकोणीस आजार येतात. त्यातले चार मला जिवंत ठेवत होते.

आई, म्हणजे मनुबाई, मला पनवेलच्या एका मोठ्या मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी हातोडीने गुडघे वाजवले, दंडाला सुया-वायरी लावल्या, डोक्याचा एमआरआय काढला. सगळं नॉर्मल. असं घाबरवणारं नॉर्मल मी कधी ऐकलं नव्हतं. काही सापडलं असतं तर त्याला नाव तरी असतं.

"ताण असेल," डॉक्टर म्हणाले. "रोज किती वाजता होतं, किती वेळ होतं, लिहून ठेवा."

लिहून ठेवलं. दिवसातून दोनदा, दर वेळी बारा मिनिटं. आणि रोज पाऊण तास पुढे. बारा-वीस, मग एक-पाच, मग दोनला दहा कमी. झोपेत व्हायचं तेव्हा कळायचं नाही. पण सकाळी आई चादर दाखवायची. कडेचे धागे उसवून एकमेकांत अडकवलेले असायचे.

"देवावर भरोसा ठेव," आई म्हणायची. "आस सोडू नको."

रोज. चहा देताना, डबा देताना, मी बाथरूममध्ये असताना बाहेरून. "आस सोडू नको रे."

पण एक चांगली गोष्ट होती. हालचाल लहान होत होती. दुसऱ्या आठवड्यात हात फक्त कोपरापासून फिरायचा. तिसऱ्यात मनगटापासून. चौथ्यात नुसती बोटं, तीही अगदी थोडी, दुरून दिसणार नाहीत इतकी. डॉक्टरांनी वही बघितली आणि पहिल्यांदा हसले. "बघा, कमी होतंय. बरे होताय तुम्ही."

मी जीवनला वडापाव खाऊ घातला. मेडिकलची तारीख आली होती. चार दिवसांनी, दुपारी बारा वाजता. ती अमावस्या आहे हे कुणी बघतं का?

५

मेडिकलला चार दिवस असताना एका सकाळी मी धक्क्यावर गेलो. धर्माजीकाका जाळं दुरुस्त करत बसले होते. सत्तरीचे आहेत, अजून होडीवर जातात. मी शेजारी बसलो आणि हात सुरू झाला. मी तो मांडीखाली घ्यायला गेलो.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. बघत राहिले. मग म्हणाले, "कवापासून इनतोस रं?"

"काय?"

"जालं."

"काका, हा आजार आहे. नसांचा."

"आसंल. पन गाठ बरोबर हाय." ते आणखी वाकले. "कुनी शिकवली? तुमच्या घरात तर कुनाला सुई धरता येत न्हाय."

मला हसू आलं. लोकांना फसवणारा मी, आणि हा म्हातारा मला फसवतोय. मी म्हटलं, "पहिल्या दिवशी तर पूर्ण हात फिरायचा. तेव्हा काय विणत होतो, मांडव?"

काका हसले नाहीत. "मंग कोपरापासून. मंग मनगट. आता बोटं. व्हय ना?"

"व्हय. कमी होतंय. बरा होतोय मी."

त्यांनी त्यांच्या जाळ्याचं एक टोक उचललं. डोल होती, लांब शंकूसारखं जाळं. तोंडाजवळची भोकं एवढी मोठी, की माझं डोकं आरपार गेलं असतं. ते हातावर हात टाकत जाळं ओढत गेले. भोकं मुठीएवढी झाली. मग दोन बोटांएवढी. शेवटी एक पिशवी आली, तिची भोकं नखाएवढी.

"डोल अशीच इनत्यात. तोंड मोठं, शेवट बारीक. ह्यो खोला. सगली मासली हितं येऊन ऱ्हाते." त्यांनी माझ्या बोटांकडे हनुवटी केली. "तू बरा न्हाय होत. तू खोल्यावर आलास."

मी खिशातली वही काढून दिली. काय सिद्ध करायला, ते आठवत नाही. त्यांनी वेळा वाचल्या, हाताच्या अंतरावर धरून, ओठ हलवत.

"ही तर भरती हाय," ते म्हणाले.

कोळ्याचा पोर मी. महिनाभर रोज भरतीची वेळ लिहीत होतो, एका मोठ्या डॉक्टरला दाखवत होतो, आणि ती भरती आहे हे मला कळलं नव्हतं. सांगितलं ना, वाळलेला समुद्र.

"आमावशेला दुपारी उधान. तवा पुरा व्हनार तुजा खोला. मंग त्येचं तोंड बांधत्यात."

"कोण बांधतं?"

माझा हात अजून चालू होता. काकांनी तो आणखी जवळून बघितला आणि त्यांचा आवाज उतरला. "येक सांगू? इननारा भायेर बसतो. गाठ आपल्याकडं वढतो. तू लांब ढकलतोस."

"मग?"

"तू आतून इनतोस, पोरा."

धक्क्यावर ऊन होतं. बर्फाची गाडी रिकामी होत होती, माणसं शिव्या देत होती, एक कुत्रा शेपटीची माशी पकडत होता. सगळं नीट होतं. फक्त मी कशाच्या तरी आत बसलो होतो.

होडीवरून हाका आल्या. काका उठले, जाळं खांद्यावर टाकून निघाले. मी मागे पळालो. "काका, मी काय करू?"

इंजिन सुरू झालं होतं. त्यांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरून ओरडून सांगितलं, "आस सोड! येक आस सोड, बास!"

होडी गेली. चार दिवसांनी येणार होती. काकांकडे फोन आहे, पण तो घरी तांदळाच्या डब्यात असतो, खारं लागू नये म्हणून.

६

आस सोड.

आई सांगत होती आस सोडू नको. आणि जाणत्या माणसाने बघितलं, वही वाचली, आणि सांगितलं सोड. म्हणजे संपलं.

मी शांतपणे घेतलं. दोन दिवस पंख्याकडे बघत पडलो. मग कागदावर लिहिलं : स्पीकर जीवनला. स्कूटी रचनाला. नीराबाईला सॉरी. बस, एवढंच निघालं. तेवीस वर्षांचा हिशोब तीन ओळींत.

अमावस्येच्या आदल्या सकाळी रचनाने हाक मारली. पिशव्या भरल्या होत्या. "गाठीवर बोट ठेव."

ठेवलं. तिने ओढली. मी बोट काढलं.

ती पिशवीकडे बघत राहिली. तिने पिशवी उलटी केली, हलवली. एक जवळा खाली पडला नाही. मग ती माझ्याकडे बघायला लागली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी.

"काय झालंय तुला? गाठ घट्ट बसली."

डॉक्टर, एमआरआय, चादरीचे धागे, कशानेही ती घाबरली नव्हती. याने घाबरली. मग मी सगळं सांगितलं. काका, खोला, आतून विणणं, आणि शेवटी, "ते म्हणाले आस सोड. आशाच नाही म्हणून."

रचना मच्छीमार सोसायटीत लोकांचे अर्ज भरते. तिने नाक पुसलं. "कुठली आस?"

"म्हणजे कुठली?"

"अरे बैला! आस म्हणजे जाळ्याचं भोक! सरकारी फॉर्मवर रकाना आहे, 'आसाचा आकार'. रोज भरते मी. एक आस विणायची सोडली की खोल्यातली सगळी मासळी तिथून जाते. काका तुला मर नाही म्हणाले. भोक ठेव म्हणाले!"

मी कागद फाडला. स्पीकर वाचला.

"पण हात माझं ऐकत नाही," मी म्हटलं. "त्याला भोक ठेव कसं सांगू?"

रचनाने दुसरी पिशवी पुढे ओढली, सुतळी गुंडाळली आणि माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या कलेकडे कौतुकाने बघत होती.

"गाठ बिघडवायला," ती म्हणाली, "तुला मी शिकवू?"

७

मेडिकलची खोली दुसऱ्या मजल्यावर. ट्यूबलाइट, एसी, बंद काच, भिंतीवर दातांचं कॅलेंडर. बाहेर बाकावर जीवन आणि तीन पोरं. घड्याळात बारा वाजून सात मिनिटं.

"दोन्ही हात समोर," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "बोटं सुटी. डोळे बंद. शंभरपासून उलटं मोज. हात हलता कामा नयेत."

शंभर. नव्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

त्र्याण्णवला डावा हात सुरू झाला. इतका बारीक, की मलाही नुसता कळत होता. आता मी त्याला आजार म्हणत नव्हतो, म्हणून गाठ कळत होती. घे, फिरव, ढकल. घे, फिरव, ढकल.

एसीचा आवाज कमी झाला. त्याच्या जागी दुसरा आवाज होता. पाण्याखाली डोकं घातलं की कानात जो असतो, तो.

मी स्वतःला सांगितलं, कानात हवा भरलीय. घाबरलं की होतं. नव्वद. एकोणनव्वद.

"सात," कुणीतरी म्हणालं.

ते मी नव्हतो.

मॅडम नव्हत्या. डावीकडून, अगदी जवळून, दमलेला पुरुषाचा आवाज. त्याच्या पलीकडे एक बाई एकेचाळीसवर होती. त्याच्या पलीकडे आणखी कुणी, आणखी कुणी. सगळे उलटं मोजत होते, आणि सगळ्यांच्या बोटांचा आवाज येत होता. घे, फिरव, ढकल. मला वाटलं होतं माझा खोला माझ्यापुरता आहे. पण खोला एकच असतो ना. सगळी मासळी हितं येऊन ऱ्हाते.

माझ्या बोटांनी शेवटची गाठ लांब ढकलली, आणि पलीकडून कुणीतरी ती धरली.

अंगठा होता. ओल्या लाकडासारखा. त्याने दोरी घेतली, एक वेढा दिला, दुसरा दिला. सराईत. कंटाळलेला. रोजचं काम असल्यासारखा. मग तो थांबला, आणि पाण्यातून शब्द आले. रचना म्हणते तसेच. तिच्यासारखेच न बघता.

"गाठीवर बोट ठेव."

आता मला सांग. जगात एवढी माणसं. हे वाक्य त्याने कुणाला म्हणावं?

भीती गेली. शपथ. मी उजवं बोट ठेवलं. त्याने ओढली. मी, एवढी वर्षं शिव्या खाऊन कमावलेल्या सफाईने, बोट गाठीच्या आत सरकवलं. तो ओढत गेला, बोट काळंनिळं होतंय असं वाटलं, तरी हललो नाही. गाठ दिसायला एकदम घट्ट. तो अंगठा तिच्यावरून एकदा फिरला. खूश झाला.

मग मी बोट काढलं.

आधी काही नाही. मग एक स्पीडब्रेकर लागल्यासारखा धक्का. मग सगळे एकदम. माझ्या अंगावरून, खांद्यावरून, केसांतून, ढकलत, रेटत, कुणीतरी हसत. सात म्हणणारा जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला. मी शेवटून दुसरा बाहेर पडलो. मागे वळून बघितलं नाही, आणि बघितलं असतं तर तुला सांगितलं नसतं.

"शहाऐंशी," मी म्हणालो आणि डोळे उघडले.

मॅडम लिहीत होत्या. "हात छान स्थिर आहेत. उजवं बोट वाकवलंस का मध्येच?"

"खाज आली, मॅडम."

"हे काय?" त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडीवर बारीक चौकोनांची नक्षी उमटली होती. नखाएवढे चौकोन.

"चटईवर झोपतो," मी म्हणालो.

त्यांनी शिक्का मारला. फिट.

बाहेर जीवन डावा हात झटकत होता. "मुंग्या आल्या रे एकदम. काय झालं आत?"

"काही नाही," मी म्हटलं. "जवळा सांडला."

८

संध्याकाळी होड्या आल्या. अकराच्या अकरा रिकाम्या. डोली ओढल्या तेव्हा प्रत्येक खोल्याचं तोंड उघडं होतं. फाटलं नव्हतं, कुणी कापलं नव्हतं. गाठ सैल होऊन सुटली होती, बोटभर जागा राहिल्यासारखी. धक्क्यावर सगळे एकमेकांना शिव्या देत होते.

धर्माजीकाकांनी मला गर्दीत शोधून काढलं. माझ्या डाव्या हातावरच्या नक्षीकडे बघितलं. उजव्या बोटाकडे बघितलं, ते अजून निळं होतं.

"येक आस सांगितली हुती मी," ते म्हणाले. "येक!"

मग ते इतके हसले, की त्यांना धरून बसवावं लागलं.

डावा हात परत कधी हलला नाही. मी आता खऱ्या क्रेनवर आहे, सहा महिने झाले. खाली खरी माणसं असतात, आणि एकाच्याही अंगावर काही पडलेलं नाही. रविवारी धक्क्यावर बसून खोले शिवतो, ती काकांनी लावलेली शिक्षा. डाव्या हाताला सगळं येतं, त्याला कोण शिकवणार? आई सगळ्यांना सांगते, आस सोडली नाही म्हणून पोर वाचला.

कधीकधी बाजारात एखादा अनोळखी माणूस डाव्या हाताकडे बघून बोटं उघडतो, मिटतो. नवीन असल्यासारखी. परवा उरणला एक दमलेल्या आवाजाचा होता. चहाच्या टपरीवर पोऱ्याने विचारलं, किती कप? तो म्हणाला, "सात." आणि माझ्याकडे बघून हसला. तो एकटाच होता.

बस. झाली गोष्ट.

आणि तू पैज हरलास. काका म्हणाले 'आतून इनतोस', तेव्हा एकदा बघितलंस. चौकोनांची नक्षी आली तेव्हा तर बाही वर केलीस. मी बोललो नाही, गोष्ट तुटू नये म्हणून. पण आता तू बराच वेळ बघत नाहीयेस, आणि बघायला पाहिजेस.

घाबरू नको. खोल्यावर यायला तुला अजून महिना आहे, आणि बोट कुठे सरकवायचं ते मला माहीत आहे. शिकवीन. पण आधी बोंबील. फी म्हणून दोन प्लेट.

वेटरला बोलव. उजव्या हाताने बोलव. डावा कामात आहे.